सेमीकोलनचा अर्धा गुण
(प्रोग्रॅमिंग शिकवायला नव्याने रुजू झालेल्या सर-मॅडमसाठी मूल्यमापनाची प्राथमिक मार्गदर्शिका)

अभिनंदन. तासिका तत्त्वावर का होईना, तुमची नेमणूक झाली. प्रथम वर्षाला ‘सी’ शिकवायचं, असं वेळापत्रकात तुमच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं आहे. शिकवायचं कसं, याबद्दल ही मार्गदर्शिका काही सांगत नाही. ते ज्याचं त्याला हळूहळू जमतं. इथे विषय मूल्यमापनाचा आहे.

सुरुवातीलाच एक फरक मनाशी पक्का करा. मुलं शिकली का, हा एक प्रश्न. मुलं शिकली हे फाईलमध्ये कितव्या पानावर आहे, हा दुसरा. कॉलेजात विचारला जातो तो दुसरा. पहिला प्रश्न विचारत बसणारे एक सर आमच्याकडेही होते. माणूस चांगला होता. आता हिंजवडीला कंपनीत आहे.

क्रियापदं

शिकवायला सुरुवात करण्याआधी विषयाचे ‘कोर्स आउटकम’ लिहायचे असतात. बोलताना नुसतं ‘सीओ’ म्हणायचं. पाच किंवा सहा पुरेत. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, हे एकेका वाक्यात सांगायचं आणि प्रत्येक वाक्यात एक वजनदार क्रियापद हवं. ‘विद्यार्थ्याला पॉइंटर समजेल’ असं लिहू नका. समजणं मोजता येत नाही, आणि पॉइंटरच्या बाबतीत तर ते सहसा घडतही नाही. ‘विद्यार्थी पॉइंटरचा वापर करून समस्येचं विश्लेषण करेल’ असं लिहा. हेही घडत नाही, पण वाचायला बरं वाटतं.

क्रियापदांचा तक्ता स्टाफरूमच्या कपाटात आहे. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे खालची ओळ दिसत नाही, पण वरच्या पायऱ्या दिसतात आणि आपल्याला त्याच हव्या असतात. हा तक्ता बेतला आहे तो बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या १९५६ सालच्या पुस्तकावर. २००१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ‘निर्मिती’ सर्वांत वरच्या पायरीवर गेली. मूळ पुस्तक तयार केलं ते महाविद्यालयीन परीक्षकांच्या एका समितीने. वेगवेगळ्या विद्यापीठांना एकमेकांचे चांगले प्रश्न वापरता यावेत, हा त्यांचा साधा हेतू. म्हणजे पायऱ्या होत्या त्या चांगल्या प्रश्नांसाठी. आपल्याकडे प्रश्नपत्रिका गेल्या वर्षीच्या फाईलमधून काढतात, तारीख बदलतात, आणि उजव्या बाजूला सीओ आणि ब्लूमची पायरी असे दोन स्तंभ वाढवतात. त्यात आकडे भरताना एकाच पायरीवर सगळे प्रश्न येणार नाहीत एवढं बघायचं. विविधता दिसली पाहिजे.

मग येतो मॅपिंगचा तक्ता. आडव्या ओळीत तुमचे सीओ, उभ्या स्तंभांत ‘प्रोग्रॅम आउटकम’ म्हणजे ‘पीओ’, आणि प्रत्येक चौकोनात ३, २, १ किंवा डॅश. हे लोण अभियांत्रिकीतून आलं. २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’चा पूर्ण सदस्य झाला, पदव्यांना परदेशात मान्यता मिळण्याची सोय झाली आणि त्याबरोबर हा तक्ताही पदरात पडला. आता तो बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा, कम्युनिटी कॉलेजचा सहा महिन्यांचा कोर्स, सगळीकडे लागतो. प्रोग्रॅम आउटकममध्ये नीतिमत्ता आहे, संघकार्य आहे, आजन्म शिक्षण आहे, पर्यावरणही आहे. ‘फॉर’ लूपचा पर्यावरणाशी संबंध १ की डॅश, असा पेच तुम्हाला पडेल. सगळ्याच विषयांत पर्यावरणापुढे डॅश आला तर मान्यता द्यायला येणाऱ्या समितीचे सदस्य विचारतात, म्हणून कोणाला तरी १ द्यावा लागतो आणि तो नव्याने आलेल्याने द्यायचा असतो. समर्थन लिहा: न थांबणाऱ्या लूपमुळे वीज वाया जाते. हे खरंही आहे.

‘आधुनिक साधनांचा वापर’ असाही एक स्तंभ आहे. तिथे बेधडक ३ लिहा. आपली मुलं टर्बो सी वापरतात.

(आपलीच परवड आहे असं मानू नका. ज्या अमेरिकेतून कम्युनिटी कॉलेज ही कल्पना आली, तिथेही हेच चाललं आहे. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या मान्यता-आयोगाने २००२ च्या निकषांत ‘स्टुडंट लर्निंग आउटकम’ आणले, तेव्हापासून तिथले प्राध्यापकही क्रियापदं शोधत असतात. फक्त त्यांच्या तक्त्याची खालची ओळ दिसत असावी.)

जर्नल

प्रोग्रॅमिंग येतं की नाही याचा आपल्याकडचा सर्वमान्य पुरावा म्हणजे जर्नल. ते हाताने लिहिलेलं असावं. उद्देश, थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट, निष्कर्ष, हा क्रम मोडायचा नाही. फ्लोचार्ट स्टेन्सिलने काढलेला हवा. निष्कर्षात ‘अशा प्रकारे आपण दोन संख्यांच्या बेरजेच्या प्रोग्रॅमचा अभ्यास केला’ हे वाक्य असलं की निष्कर्ष निघाला.

जर्नल तपासणं म्हणजे ते पूर्ण आहे का, हे पाहणं. बरोबर आहे का, हे पाहणं वेगळं, आणि त्याला वेळापत्रकात तास नाही. अनुक्रमणिका भरली आहे, तारखा चढत्या क्रमाने आहेत, कव्हर घातलं आहे, की लाल पेनाने सही करा. एखाद्या जर्नलमध्ये पहिले तीन प्रयोग एका हस्ताक्षरात आणि पुढचे दुसऱ्या हस्ताक्षरात दिसले तर दचकू नका. धाकट्या बहिणीचं अक्षर चांगलं असतं. त्या निमित्ताने तीही थोडं सी शिकते. तिचं मूल्यमापन तेवढं राहून जातं.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमिंग शिक्षकांची झोप उडाली. आपण मात्र निश्चिंत होतो. आपल्याकडे नक्कल करण्याची पद्धत इतकी जुनी आणि इतकी सुव्यवस्थित आहे की नव्या यंत्रालाही त्याच रांगेत उभं राहावं लागलं. मोबाईलवर आलेला प्रोग्रॅम मुलं निळ्या पेनाने जर्नलात उतरवतात, इंग्रजी कॉमेंटसकट. पूर्वी वरच्या वर्गातल्या मुलाकडून यायचा, आता मोबाईलवरून येतो. पूर्वीच्यात चुकाही वारशाने यायच्या, एवढाच काय तो फरक. एक जण कंस विसरला की तीन बॅचेस तो कंस नसायचा.

दोन प्रोग्रॅम एकमेकांवरून उतरवले आहेत का, हे पाहणारी साधनंही आहेत. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये केलेलं ‘मॉस’ नावाचं सॉफ्टवेअर अजून चालतं आणि शिक्षकांना फुकट मिळतं. व्हेरिएबलची नावं बदलली, ओळी वरखाली केल्या, तरी ते बधत नाही. आपल्या वर्गाचे साठ प्रोग्रॅम त्यात टाकू नका. साठ जणांमध्ये प्रोग्रॅम किती आहेत ते कळेल, आणि तो आकडा फाईलमध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही.

स्लिप, तोंडी आणि पोहे

प्रात्यक्षिक परीक्षेच्या स्लिपा आधीच ठरलेल्या असतात आणि मुलांना आधीच मिळालेल्या असतात. यात गैर काही नाही. रस्ता माहीत असला की अपघात कमी होतात. स्लिपांवर आर्मस्ट्राँग संख्या, पॅलिंड्रोम, फॅक्टोरियल, फिबोनाची आणि चांदण्यांचा पिरॅमिड, ही मंडळी वर्षानुवर्षं आहेत. आर्मस्ट्राँग म्हणजे अशी तीन अंकी संख्या, की तिच्या अंकांच्या घनांची बेरीज तीच संख्या येते. अशा संख्या फक्त चार: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. पण वर्गात सगळ्यांना १५३ च माहीत असते. प्रोग्रॅम चालवला, १५३ दिले, ‘आर्मस्ट्राँग आहे’ असं आलं, की गुण द्या आणि पुढच्या टेबलाकडे वळा. तुम्ही १५४ देऊन पाहिलंत तर तेही आर्मस्ट्राँग निघण्याची शक्यता आहे. त्या प्रोग्रॅममध्ये कदाचित गणित नसेलच, फक्त छापायची ओळ असेल. पण स्लिपेवर १५४ चा उल्लेख नाही.

बाह्य परीक्षक म्हणजे एक्सटर्नल. ते पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या कॉलेजातून येतात. आज ते आपल्याकडे, परवा आपण त्यांच्याकडे. या एका वाक्यात परीक्षेची सगळी निष्पक्षता सामावलेली आहे, म्हणून ते पुन्हा वाचा. साडेदहाला ते आले की आधी पोहे आणि चहा, मग जर्नलांवर सह्या, मग प्रवासभत्त्याचा फॉर्म, आणि मध्ये कुठेतरी परीक्षा. गुणांचं पाकीट लाखेने बंद करण्यापूर्वी ते तुम्हाला हळूच विचारतील, “यातला चांगला मुलगा कोणता?” हा प्रश्न मनापासून असतो. चांगल्याला वर आणि बाकीच्यांना मध्ये बसवायचं असतं. नापास कोणाला करायचं नसतं, कारण नापास मुलासाठी परत यावं लागतं.

तोंडी परीक्षेला ठरलेले प्रश्न विचारा. सीचा जनक कोण? डेनिस रिची, बेल लॅब्ज, १९७२. व्हाइल आणि डू-व्हाइल यांतले फरक सांगा. किती सांगू, असं मुलगा विचारेल, पाच सांग म्हणा. फरक खरं तर एकच आहे, पण पाचही पाठ असतात. मुलाने ‘अट आधी तपासतात, अट नंतर तपासतात’ एवढं सांगून थांबायचं ठरवलं तर त्याला अडीच गुण.

लॅबमधला टर्बो सी हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉसवर चालणारा. आजच्या विंडोजवर त्याला चालवायला डॉसबॉक्स नावाची बाटली लागते. निळी खिडकी, पिवळी अक्षरं, कंट्रोल-एफ-नाईन. मुलांना सी येवो न येवो, कंट्रोल-एफ-नाईन येतं. प्रोग्रॅम बंद पडला की तेच पुन्हा दाबतात, या वेळी जरा जोरात.

लेखी पेपर

प्रोग्रॅमिंगची परीक्षा कागदावर घेणं हास्यास्पद आहे असं काही लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. कागद कधी हँग होत नाही आणि लोडशेडिंगमध्येही चालतो. तपासताना मात्र पद्धत हवी. हेडर फाईलला एक गुण, ‘व्हॉइड मेन’ला अर्धा, स्क्रीन पुसण्याच्या ओळीला अर्धा, शेवटी ‘गेटसीएच’ला अर्धा. असं करत करत उत्तरात उत्तर नसतानाही विद्यार्थी पाचापैकी अडीचपर्यंत पोहोचतो. सेमीकोलन चुकला की अर्धा कापा. तर्क चुकला असेल तर कापू नका, कारण तो तपासायला पेपर वाचावा लागतो, आणि एका दिवसात चाळीस पेपर संपवायचे असतात.

‘खालील प्रोग्रॅमचं आउटपुट सांगा’ हा आवडता प्रश्न आहे. त्यात आयची किंमत पाच ठेवतात आणि एकाच प्रिंटएफमध्ये आय-प्लस-प्लस, पुन्हा आय-प्लस-प्लस आणि वर एक प्लस-प्लस-आय असं सगळं एकदम छापायला सांगतात. मुलं रात्ररात्र जागून त्याचं उत्तर पाठ करतात. वस्तुस्थिती अशी, की १९८९ च्या प्रमाण सीनुसार असल्या वाक्याचं आउटपुट काय यावं हे ठरलेलंच नाही. एका कंपायलरवर एक येईल, दुसऱ्यावर दुसरं, आणि दोन्ही कंपायलर बरोबर. ‘ठरलेलं नाही’ असं लिहिणारी मुलगी कधी भेटली, तर नमुना उत्तरपत्रिकेत जे छापलं आहे ते आणि तेच ग्राह्य धरण्याचा नियम आहे. तिला शून्य द्यावं लागेल. अशा मुलीला शून्य देताना माणसाला कसं वाटतं, हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

अटेनमेंट

आता एक्सेल उघडा. प्रत्येक सीओसाठी किती विद्यार्थी लक्ष्यापर्यंत पोहोचले ते काढायचं. साधारण रिवाज असा: साठ टक्के मुलं पोहोचली तर पातळी १, सत्तर टक्के तर २, ऐंशी टक्के तर ३. लक्ष्य कोणी ठरवायचं? तुम्हीच. कधी ठरवायचं? नियमाप्रमाणे सत्राच्या सुरुवातीला. प्रथेप्रमाणे निकाल लागल्यावर.

पण उतावीळपणे ३ गाठू नका. नवखे इथेच फसतात. पहिल्याच वर्षी पूर्ण ३ आले तर पुढच्या वर्षी ‘सतत सुधारणा’ कुठून दाखवणार? या वर्षी २.३१, पुढच्या वर्षी २.४६, समिती यायच्या वर्षी २.६८. मधली घट दाखवायचीच असेल तर एकदाच दाखवा आणि तिच्यापुढे ‘कृती अहवाल’ जोडा: अतिरिक्त तास घेतले, तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानाचा फोटो हवा. फोटोत फलक दिसायला हवा.

थेट, म्हणजे गुणांवरून काढलेल्या अटेनमेंटला ऐंशी टक्के वजन, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला वीस. अभिप्रायाचे साठ फॉर्म वर्गप्रतिनिधी एका बैठकीत भरून देतो. त्याला सूचना द्या की सगळीकडे ‘उत्कृष्ट’ नको, अधूनमधून ‘चांगले’ टाक. तोच मुलगा पुढे डेटा सायन्सला जातो.

टाळायच्या गोष्टी

हा भाग लक्षपूर्वक वाचा. खालील गोष्टी केल्यास मुलं काय शिकली हे थेट कळण्याचा धोका आहे.

मुलाने लिहिलेल्या चालू प्रोग्रॅममधली एक ओळ बदलून ‘आता काय छापेल?’ असं विचारणं. यंत्र बंद, फक्त डोळे आणि कागद. याला दीड मिनिट लागतं. जर्नलच्या दोनशे पानांतून जे कळत नाही ते या दीड मिनिटात कळतं, म्हणून हे धोकादायक प्रकारांत पहिलं.

फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला पाचाऐवजी आठ देणं. पाचाचं १२० येतं आणि जर्नलात तेच चिकटवलेलं असतं. आठाचं ४०३२० यायला हवं, पण आपल्या टर्बो सीवर साधा इंटिजर सोळा बिटांचा, ३२७६७ ला संपणारा. म्हणून पडद्यावर उणे २५२१६ येतं. गुणाकार करत गेलो आणि उत्तर ऋण कसं आलं? दहापैकी आठ मुलं म्हणतात, “सर, पीसी खराब आहे.” एखादी थांबते, भुवया आकसते, पाठच्या पानावर आकडेमोड करू लागते. नव्या कंपायलरवर हाच खेळ तेरा देऊन करता येतो. तिथे १९३२०५३५०४ असा गोंडस, धन आणि साफ चुकीचा आकडा येतो, आणि तो चुकीचा आहे हे ओळखायला प्रोग्रॅमिंगपेक्षा अंदाज यावा लागतो.

एखाद्या प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून देऊन क्रम लावायला सांगणं. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला. यात सेमीकोलनला वावच राहत नाही, फक्त विचार तपासला जातो. आपल्या गुणदान योजनेत हे बसवणं कठीण.

आणि शेवटचा, पावसाचा प्रश्न. रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, ऋण आकडे सोडून दे, सरासरी सांग. एलियट सोलोवे यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हा प्रश्न गाजला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी त्यात पडले. कोणी ९९९९९ च सरासरीत धरतं. एकही आकडा आला नाही तर शून्याने भागलं जाईल, हे तर फार थोड्यांच्या लक्षात येतं. स्लिपेवर नसलेला, वीस ओळींचा, साधा प्रश्न. तो आपल्या वर्गात देऊन पाहू नका.

आपलीच मुलं कच्ची असा मात्र समज करून घेऊ नका. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे विषय झाल्यावर, कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी २२.८९. त्यांना शिकवणारेही हादरले. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर यांच्या गटाने दाखवलं की बऱ्याच मुलांना लिहिणं दूर राहिलं, दुसऱ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून पुढे काय होईल हेही सांगता येत नाही. त्या लोकांनी हे आकडे छापले. आपल्या एक्सेलमध्ये अशा मुलांचं अटेनमेंट २.४६ येतं.

इथे मार्गदर्शिकेचा सूर क्षणभर सोडतो. मुलगा ऑगस्टमध्ये लूपवर अडकला आहे हे ऑगस्टमध्ये कळलं तर त्याच्याशेजारी बसता येतं. मार्चमध्ये कळलं तर फक्त गुण देता येतात, आणि ते आपण सढळ हाताने देतो. आपल्या या सगळ्या यंत्रणेत, क्रियापदांपासून लाखेच्या पाकिटापर्यंत, ऑगस्टमध्ये काही कळण्याची एकही जागा नाही. तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलाला शिकवणीची सोय नसते, घरी विचारायला कोणी नसतं. त्याला मुलाखतीत पहिल्यांदा कळतं की १५४ आर्मस्ट्राँग नाही.

असो. सीओ-पीओचे तक्ते शनिवारी दुपारपर्यंत विभागप्रमुखांकडे द्या, दोन प्रतींत, स्पायरल करून. आणि स्लिपेवर नसलेलं काही विचारायची हुक्की आलीच, तर ती परीक्षेला नको, एक्सटर्नलसमोर तर नकोच. पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या तासाला विचारा, आणि त्याचे गुण देऊ नका. हे कुठल्या सीओत बसतं असं कोणी विचारलं, तर चौथ्यात म्हणून सांगा. चौथा सीओ कोणी वाचत नाही.